लेकीच्या घरचं पाणी

माळीपुरा, वाशीम
बुधवार, ता. ३ फेब्रुवारी १९३७

चि. सौ. तुळसा हिला तिच्या बापाचे आशीर्वाद, आणि आईचेही त्यातच समजावेत, कारण घरात टाक एकच आहे.

इकडे आम्ही दोघं, दोन्ही बैल आणि विहीर, सगळे ठणठणीत आहोत. चंपतरावांना नमस्कार सांग. विहीणबाईंनाही सांग, आणि थंडीत त्यांचे गुडघे कसे आहेत ते मी विचारलं म्हणून सांग. तुझी खुशाली कळवावी अशी पत्रात लिहायची रीत आहे, म्हणून तेही लिहितो. गेल्या दहा महिन्यांत मी तीन कार्डं पाठवली आणि तुझं एकही आलं नाही, तेव्हा या रीतीत किती दम आहे ते तुला ठाऊक.

नाही, हे खोडायला हवं होतं. आज रागानं लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे. पोहरादेवीच्या जत्रेहून परतताना तुझ्या दारी आलो होतो, त्याचंही आत्ता काढत नाही. पुढे बघू.

तुझी आई शेजारी मेथी निवडत बसली आहे. तिचं लक्ष मेथीत कमी आणि माझ्या टाकात जास्त. "एवढं काय लिवून राह्यले? तिले पयले पाव्हन्याइचं सांगा ना!" म्हणते. तर पाहुण्यांचं ऐक.

आपल्या क्लाराबाईंचे आईवडील आले! ज्यांच्या बंगल्यामागच्या शाळेत तू पाटीवर पहिल्यांदा आपलं नाव लिहिलंस, त्या तुझ्या मिसबाईंचे सख्खे आईवडील. थेट अमेरिकेहून. दीड महिना बोटीत, मग मुंबईहून अकोल्यापर्यंत आगगाडी आणि अकोल्याहून मोटार. अकरा वर्षांत त्यांनी लेकीचं तोंड पाहिलं नव्हतं. मिशनच्या लोकांना सात वर्षांनी घरी जायला सुट्टी मिळते म्हणे. बाईंची पाळी आली त्याच साली इकडे कॉलरा आला आणि त्या राहिल्या. मग म्हातारा-म्हातारीच निघाली.

महिनाभर आधीपासून बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बंगल्याला दोनदा चुना दिला. दवाखान्यात खोकल्याचं औषध मागायला गेलेल्या माणसाला पोटाचं देऊ लागल्या आणि त्यानंच त्यांना थांबवलं. मी भाजी द्यायला गेलो की विचारायच्या, "जानरावभाऊ, माह्या आईले इथलं ऊन सोसन का हो?" बाई आता तुझ्या आईपेक्षा चांगलं वऱ्हाडी बोलतात.

आता खरी गंमत. पाहुणे येणार ही बातमी माळीपुऱ्यात पोचली त्या दिवशी आपल्या ओट्यावर रुखमाआजी बसली होती. तिच्याशिवाय आपल्या आळीत कोणाचं बारसंही होत नाही हे तुला सांगायला नको. तिनं मिश्री लावता लावता एकदम बोट थांबवलं आणि म्हणाली, "काहून गा जानराव, बाईले तं लेकरू नाही. मंग तिचे मायबाप तिच्या घरचं पानी कसे पितीन?"

मी म्हटलं, "आजी, बाईंचं लग्न कुठे झालंय? सासरच नाही तर नियम कशाचा?"

"तेच तं! मायबाप सोडून इतक्या दूर आली, देवाच्या कामाले लागली, तेच तिचं सासर. लेकीच्या सासरी लेकरू झाल्याबिगर मायबाप पानी पेत नाही. आपल्याइथं नाही पेत, तं त्याइच्याइथं पेतीन का? मोठे लोक हायेत ते."

मला ते पटलं, तुळसा. पटलं म्हणजे काय, मी स्वतःच सभा भरवली. एवढ्या लांबून आलेली माणसं लेकीच्या दारात उपाशी राहिली तर आपल्या वाशीमचं नाव काय राहील? ठरलं की जानराव माळ्याचं घर हे पाहुण्यांचं घर. दोन्ही वेळचा स्वयंपाक आपल्या आळीतून जाईल, पाणी आपल्या विहिरीचं जाईल. बाईंना यातलं सांगायचं नाही, कारण लेकीला असं तोंडावर सांगितलं तर तिला वाईट वाटतं.

हे शेवटचं वाक्य मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो होतो. ते तसंच लिहिलं आहे.

मोटार आली ती संक्रांतीच्या चार दिवस आधी. म्हातारेबुवा ताडासारखे उंच, भुवया पांढऱ्या कापसाच्या. मोठ्या बाई मात्र ठेंगण्या आणि गोल, हुबेहूब आपल्या मनकर्णामावशी. उतरल्या आणि क्लाराबाईंना पोटाशी धरून ज्या उभ्या राहिल्या, की मोटारवाला हॉर्न वाजवून थकला. आपल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. त्याच घाईत मी पहिली शिदोरी पुढे केली: ज्वारीच्या भाकरी, भरली वांगी, झुणका, हिरव्या मिरच्यांचा ठेचा आणि पाण्याची घागर.

बाईंना वाटलं, पहिल्या दिवसाचं स्वागत. हात जोडले. संध्याकाळी पुन्हा गेलो. हात जोडले, पण जरा कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी, संध्याकाळी रुखमाआजी. भोगीला तर विचारू नकोस. सात घरांची भोगीची भाजी आणि तिळाच्या भाकरी गेल्या. अन्नाला नाही म्हणायचं नाही असं बाईंनी आईवडिलांना बजावलेलं, म्हणून दोघं सगळं संपवत होती.

आम्हाला काय ठाऊक, की आमचं झाल्यावर ती बाईंच्या टेबलावर बसून पुन्हा जेवत होती! लेकीनं अकरा वर्षांनी रांधलेलं, ते कसं टाकणार? दिवसाला चार जेवणं, तुळसा, आठ दिवस. म्हातारेबुवांच्या कोटाची बटणं लागेनात.

पाण्याचा घोळ निराळाच. बाई पाणी उकळल्याशिवाय कोणाला देत नाहीत, तुला आठवत असेल. रुखमाआजीनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं की आपल्या विहिरीचं पाणी बाईंच्या किटलीत उकळतंय. लगेच आळीत पंचायत: लेकीच्या किटलीत उकळलेलं पाणी लेकीच्या घरचं धरायचं की आपलं? दोन दिवस वाद चालला. शेवटी आजीनंच निकाल दिला की विस्तव लेकीचा असला तरी पाणी आपलं, म्हणून चालतं. मीही मान डोलावली. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

म्हातारेबुवा तिकडे शेतकरी आहेत, हे मला पहिल्याच दिवशी त्यांच्या नखांवरून कळलं. मक्याची शेती आहे म्हणे, बांध दिसत नाही एवढी. ते रोज सकाळी आपल्या मळ्यात येऊ लागले. त्यांना मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही, आणि आम्ही तासतासभर बोलायचो. त्यांनी वांग्याचं पान उलटवून कीड दाखवली की मी राखेचं मडकं दाखवायचो. एक दिवस बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाटात उतरून वाफ्याचं दार फोडायला लागले. मग मोट हाकायची लहर आली. बैल हलेनात. त्यांना माझं गाणं लागतं. बुवांनी थोडा विचार केला आणि चर्चमधलं त्यांचं भजन जे उंच आवाजात लावलं, की ढवळ्या-पवळ्या धावेच्या उतारावरून सरळ चालू लागले. थारोळ्याच्या कुंडीत पाणी पडलं तशी म्हातारेबुवांनी टोपी हवेत उडवली. ती विहिरीत पडली, ते राहू दे. गळ टाकून काढली.

मोठ्या बाई आणि तुझी आई यांचं त्याहून जमलं. त्यांनी तिकडून एक गोधडी आणली आहे, तुकड्या-तुकड्यांची, अगदी आपल्यासारखी. तुझ्या आईनं ती उलटी करून टाके पाहिले आणि म्हणाली, "टाका बारीक हाये बाईचा. डोये चांगले हायेत." तेव्हापासून दोघी आपल्या ओट्यावर गोधड्याच घेऊन बसतात. बोलणं काही नाही. मधूनच दोघी हसतात.

नवव्या दिवशी म्हातारेबुवा मळ्यात आले ते पोट धरून. मागोमाग मोठ्या बाई, आणि त्यांच्यामागे क्लाराबाई, जरा तांबड्या झालेल्या. तुझी आई आणि रुखमाआजी तिथंच कांद्याची रोपं लावत होत्या. बाई म्हणाल्या, "जानरावभाऊ, तुमचे लई उपकार झाले. पन हे जेवन कायले पाठवून राह्यले रोज? माह्या बाबाचं पोट फुटते आता!"

लपवून उपयोग नव्हता. सांगितलं. लेकीला लेकरू होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, म्हणून आम्ही तुमच्या माहेरची जबाबदारी उचलली आहे.

बाई हसू लागल्या, त्या हसत हसत खाली धावेच्या मातीतच बसल्या. डोळ्यांतून पाणी. त्यांनी बापाला इंग्रजीत सांगितलं. बुवांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली आणि तेही हसू लागले. मी हसलो, तुझी आई हसली. रुखमाआजी तेवढी गंभीर, तिला यात हसण्यासारखं काय ते कळेना.

मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी लेकीला काहीतरी विचारलं, आणि बाई आम्हाला सांगू लागल्या. "आई म्हनते, मी दीड महिना बोटीत वकाऱ्या काढत आली, ते कायच्यासाठी? पोरीनं चूल कशी मांडली ते पाहाले. तिच्या हातचं खाले." मग स्वतःचं म्हणून बोलल्या, "मले तं लेकरू नाही, होनारही नाही. मंग हा नेम असता तं माह्या आईनं काय केलं असतं?"

मग मोठ्या बाई तुझ्या आईकडे वळल्या, आणि क्लाराबाई त्यांचे प्रश्न मराठीत सांगू लागल्या. तुमची लेक कुठे असते?

"मानोऱ्याले," आई म्हणाली.

किती लांब?

"वीस कोस."

लग्नाला किती वर्षं झाली?

"नऊ."

तिच्या हातचं काय आवडतं तुम्हाला?

कांद्याचं रोप हातात धरून तुझी आई वाफ्याकडे बघत राहिली. मोठ्या बाईंनाही कळलं, त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

बोलली ती रुखमाआजी. आजवर मी तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. "माही सोजर तीन वर्सं नांदली," ती म्हणाली. "दर दिवाईले मी तिच्या दारात बसून घरून नेलेलं पानी पेलं. पोरगी म्हने, माय, एक घोट तं घे. मी म्हनलं, लेकरू होऊ दे, मंग रांजनभर पेईन. पयल्याच बाळंतपनात गेली. लेकरूबी गेलं. सांग जानराव, आता कोनाच्या घरी पेऊ मी?"

मोट थांबली होती. क्लाराबाईंनी हे आईला इंग्रजीत सांगितलं नाही, नुसता आजीचा मातीचा हात हातात घेतला. पण मोठ्या बाईंना समजलंच असावं, कारण त्यांनी दुसरा हात घेतला.

आता ते लिहितो, जे मघाशी टाळलं.

तुळसा, मागच्या रामनवमीला मी पोहरादेवीच्या जत्रेत भाजीची गाडी घेऊन गेलो होतो. परतताना भर दुपारी तुझ्या दाराशी गाडी सोडली. तू धावत बाहेर आलीस. एका हातात काठाला पोचा आलेला तो पितळी तांब्या, दुसऱ्या हातात गुळाचा खडा. ओट्यावर विहीणबाई होत्या, शेजारच्या तीन-चार बाया होत्या. आणि मी हात वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "राहू दे. लेकरू झालं की पिऊ." मग चावडीपुढच्या विहिरीवर गेलो आणि कोणा अनोळखी माणसाच्या पोहऱ्यातून ओंजळीनं पाणी प्यालो. वळून पाहिलं तेव्हा तू तांब्या घेऊन तशीच उभी होतीस.

घरी येऊन तुझ्या आईला म्हणालो, तुळसा मजेत आहे, हसत होती.

मला वाटलं होतं मी नियम पाळला. खरं म्हणजे त्या चार बायांसमोर तुझ्या रिकाम्या पदराकडे बोट दाखवणारा पहिला माणूस मी होतो. सासरच्यांनी बोलावं आणि बापानं झाकावं, तर बापच आधी बोलला. मग तू मला पत्र कशाला लिहिशील? तुझ्या जागी मी असतो तर मीही लिहिलं नसतं. माझी चूक झाली, पोरी. गाडी गावाबाहेर पोचली तेव्हाच मला ती कळली होती, आणि दहा महिने मी कार्डावर हवापाण्याच्या गोष्टी लिहीत बसलो.

हे सगळं त्या दिवशी धावेवर उभा राहून मी तुझ्या आईसमोर बोललो. पाहुण्यांसमोर, आजीसमोर. तुझ्या आईनं ऐकून घेतलं. मग दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि दोन्ही दिवस भाजीत दुप्पट मीठ होतं. मी मुकाट्यानं खाल्लं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर संक्रांतीचं नवं लुगडं नेसून, तीळगुळाचा डबा आणि गाठोडं घेऊन दारात उभी. म्हणाली, "चला."

"कुठे?"

"मानोऱ्याले. तुमी नाही आले तं मी पायी जाईन."

कशीबशी थांबवली. क्लाराबाईंनी तोड काढली. त्या औषधांची पेटी घेऊन मानोऱ्याकडच्या तांड्यांवर जाणारच आहेत, आईवडिलांना बरोबर घेऊन. मोटारीत आम्हालाही नेणार. तर येत्या बुधवारी, दहा तारखेला, दुपारी आम्ही तुझ्या दारी येतो.

आम्ही म्हणजे कोण ते ऐकून ठेव. मी आणि तुझी आई. क्लाराबाई. म्हातारेबुवा, ज्यांना मानोऱ्याची माती बघायची आहे. मोठ्या बाई, ज्या तुझ्यासाठी गोधडी शिवत आहेत. त्यातले निम्मे तुकडे तुझ्या लहानपणीच्या परकरांचे आहेत, आईनं पेटीतून काढून दिले. आणि रुखमाआजी. तिला सांगितलं की मोटारीत जागा नाही. "मी मोठ्या बाईच्या मांडीवर बसन, पन येईन," म्हणाली. सोजरच्या घरचं राहिलेलं ती तुझ्या घरी पिणार आहे. तेव्हा तिला भांडं मोठं दे.

आळीत कुजबुज झालीच, एवढा जुना नियम हे मोडणार म्हणून. आजीनं ओट्यावर उभं राहून विचारलं, "हा नेम आळीत कोन पाहाते? मीच ना? मंग मीच मोडते."

तू काही रांधू नकोस असं लिहिणार होतो, पण तुझ्या आईनं माझा हात धरला. जे घरात असेल ते रांध. तिला तुझ्या हातची आंबाडीची भाजी खायची आहे. आंबाडी मी इथून आणतो. म्हातारेबुवांना ठेचा कमी वाढ, त्यांचं पोट आत्ताच कुठे जागेवर आलं आहे.

विहीणबाई ओट्यावर असतील तर असू देत. शेजारणी जमल्या तर फारच बरं, नसतील जमल्या तर तू बोलाव. मागच्या वेळी मी जेवढ्या मोठ्यानं नको म्हटलं, तेवढ्याच मोठ्यानं या वेळी मागणार आहे. तांब्या तोच काढ, पोचा आलेला.

तुझी आई म्हणते, माझंही एक वाक्य लिहा, जसं बोलते तसंच लिहा, मास्तरासारखं करू नका. तर हे तिचं: "लेकरू होईन तं होईन, नाही झालं तं नाही. तू हायेस ना माह्ये बाई. मले तुलेच पाहाले यायचं हाये."

मेथी निवडायची तशीच राहिली आहे आणि आता ती उगीच पदरानं नाक पुसते आहे. पत्र इथंच पुरं करतो, टपालवाला निघायच्या आत टाकायचं आहे.

दहा तारखेला सकाळपासून पाण्याचा थेंबही तोंडात न घेता निघणारा,

तुझा बाप
जानराव